चेहरा कुठे पाहायचा, कोणी पाहायचा आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहनिर्माण सोसायटीत दोन कुटुंबांकडे नकाब घातलेल्या पाहुण्या येतात. त्यांनी गेटवर चेहरा दाखवावा असा ठराव कमिटीपुढे आला. चर्चेत एक सभासद म्हणाले, फ्रान्ससारखी सगळीकडेच बंदी घाला, म्हणजे प्रश्नच मिटला. दुसरे म्हणाले, राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, कोणीही कोणाला चेहरा दाखवायला सांगू शकत नाही. यातले खरे काय आणि तुमचे स्वतःचे मत काय, असे सेक्रेटरींनी लिहून विचारले आहे.

मी ठाणे जिल्ह्यात २८ वर्षे वकिली करते. दिवाणी दावे, कौटुंबिक खटले, दस्त नोंदणी हे माझे रोजचे काम. माझ्या पक्षकारांत बायका जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी नकाब घालतात. माझे मत आधीच सांगून टाकते. मला या दोन्ही सभासदांचे म्हणणे पटत नाही. रस्त्यावर, बाजारात, लोकलमध्ये एखादीने चेहरा झाकला म्हणून तिला दंड करणे मला अन्यायाचे वाटते. पण जिथे सगळे काम चेहऱ्यावरच अडलेले असते, तिथे 'बाईमाणसाला कशाला अवघडवायचं' म्हणत चेहरा न पाहणे हाही अन्यायच आहे, आणि तो त्या बाईवरच होतो. हे मी एका खटल्यात शिकले.

वीसेक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. कोकणी मुसलमान, माहेर खाडीकाठच्या गावात, मराठी माझ्याइतकीच स्वच्छ. वडील गेल्यावर जमिनीतला आणि घरातला त्यांचा हिस्सा भावांकडेच राहिला होता. आज ना उद्या देतील, या भरवशावर त्या होत्या. एकदा सातबारा काढला तर त्यावर यांचे नावच नाही. फेरफार पाहिला तर नोंदणी झालेले हक्कसोडपत्र निघाले. त्यावर यांच्या नावाची सही, अंगठा, फोटो. बाई म्हणाल्या, "वकीलबाई, मी त्या हापिसाची पायरीसुद्धा चढले नाही." दस्ताची प्रत मागवली. फोटोत काळा नकाब आणि दोन डोळे. भावाने दुसरीच कोणीतरी बाई बहीण म्हणून नेऊन बसवली होती, आणि ओळख पटवणारे दोघे त्याचेच दोस्त. नोंदणी कार्यालयातला लिपिक साक्षीला आला तेव्हा मी उलटतपासणीत विचारले, तुम्ही चेहरा का पाहिला नाही? तो माणूस खरोखरच सभ्य होता. म्हणाला, "मुस्लिम बाई होत्या, सोबत भाऊ होता. म्हटलं, कशाला अवघड करायचं."

बाईंना वाचवले ते अंगठ्याच्या ठशाने. तज्ज्ञांनी ठसा तपासला, तो त्यांचा नव्हता. दस्त रद्द झाला, पण त्यात सहा वर्षे गेली आणि तोवर जमिनीचा एक तुकडा तिसऱ्याच्या हाती गेला होता. त्या लिपिकाने कपाटाच्या आडोशाला कार्यालयातल्या एखाद्या महिला कर्मचाऱ्याकडून दोन मिनिटांत चेहरा पाहून घेतला असता, तर ते हक्कसोडपत्र झालेच नसते.

त्या खटल्याची तयारी करताना मी जुने निवाडे वाचले. आपल्या दिवाणी कायद्यात 'पडदानशीन स्त्री' नावाची एक संकल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, मुन्शी बुजलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम हा खटला आला. बायकोचे सरकारी रोखे नवऱ्याच्या ताब्यात गेले होते, आणि ते आपण रीतसर विकत घेतले असे नवरा म्हणत होता. न्यायालयाने सांगितले की पडद्यात राहणाऱ्या स्त्रीकडून ज्याला फायदा झाला, त्यानेच हा व्यवहार सचोटीने झाल्याचे शाबीत करायचे. पुढच्या निवाड्यांनी हे आणखी घट्ट केले. दस्त तिला वाचून दाखवला का, तिला तो समजला का, तिला कोणाचा स्वतंत्र सल्ला मिळाला का, हे सगळे लाभ घेणाऱ्याने सिद्ध करायचे. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने खरबुजा कुअर विरुद्ध जंगबहादुर राय या खटल्यात तेच तत्त्व उचलून धरले. तिथली स्त्री हिंदू होती. १९९३ च्या सेठानी विरुद्ध भाणा या निवाड्यात ते संरक्षण एका वृद्ध, निरक्षर आदिवासी बाईपर्यंत पोचले.

या निवाड्यांनी पडदा चांगला की वाईट हे ठरवण्यात वेळ घालवला नाही. तो असल्यामुळे आतल्या बाईचे काय नुकसान होऊ शकते एवढेच पाहिले, आणि त्याचा बोजा तिच्या डोक्यावर न टाकता समोरच्याच्या डोक्यावर टाकला. बंदीचा कायदा नेमका उलटा चालतो. तो कसा ते पुढे फ्रान्सबद्दल लिहिताना सांगते.

पडद्याला मुसलमानांचीच गोष्ट समजणाऱ्यांसाठी एक आठवण. मराठीत 'गोषा' हा शब्द आपल्या सरदार-इनामदार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. राजस्थानात, हरियाणात आजही घुंगटाआडून सासऱ्याला चहा दिला जातो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्ये अजूनही लिहिलेले आहे, की देशाच्या चालीरीतींप्रमाणे ज्या स्त्रियांना लोकांसमोर येण्यास भाग पाडणे योग्य नाही, त्यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट आहे. त्यांची साक्ष कमिशनमार्फत घरी घेता येते. नोंदणी कायद्याचे कलम ३८ हीच सूट दस्त नोंदणीला लावते, म्हणजे अधिकारी घरी जाऊन खात्री करतो. दोन्हीकडे बाईची अडचण सांभाळली आहे, पण ओळख पटवण्याला फाटा दिलेला नाही.

मतदानाचेही असेच आहे. मतदारयादीत मुस्लिम महिलांचे फोटो छापू नयेत अशी याचिका २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात आली होती, आणि ती फेटाळली गेली. ते मला योग्यच वाटते. मत ज्याच्या नावावर आहे तोच ते देतो आहे, हे पाहिल्याशिवाय मताला अर्थ उरत नाही. पण तो चेहरा कोणी पाहायचा? मतदान अधिकाऱ्याने. पडदानशीन मतदार जिथे जास्त असतात तिथे महिला अधिकारी आणि आडोसा ठेवावा, अशा निवडणूक आयोगाच्या सूचनाच आहेत. उमेदवाराच्या प्रतिनिधीला शंका आली तर त्याच्यासाठी १९६१ च्या निवडणूक नियमांतला नियम ३६ आहे. त्याने दोन रुपये अनामत भरून आक्षेप घ्यायचा, केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो, आणि आक्षेप उगाचच घेतलेला ठरला तर ते दोन रुपयेही जातात. २०२४ च्या लोकसभा मतदानाच्या दिवशी हैदराबादमध्ये एक उमेदवार स्वतःच केंद्रात शिरून बायकांना नकाब वर करायला सांगत होत्या. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. तपासणी तीच, पण ती करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तुमच्या सोसायटीच्या ठरावातही 'कोणी पाहायचा' हे ठरवणे 'पाहायचा की नाही' इतकेच महत्त्वाचे आहे.

आता साक्षीबद्दल. माझ्या पेशात सर्वांत अवघड प्रश्न हाच. साक्षीदाराच्या हावभावांची नोंद न्यायाधीशाने करावी, अशी तरतूद दिवाणी आणि फौजदारी दोन्ही प्रक्रियांत आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मी चेहऱ्यावरच्या भावांना फार मोठे मानत नाही. सराईत खोटे बोलणारा शांत असतो आणि खरे बोलणारी बाई घामाघूम होते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. तरीही ज्याच्यावर तुरुंगात जायची पाळी आहे, त्याच्या वकिलाला साक्षीदाराचा चेहरा दिसलाच पाहिजे, असे मी मानते.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१२ मध्ये एन. एस. हा खटला आला, तो मी आमच्याकडच्या नव्या वकिलांना नेहमी वाचायला देते. लहानपणी काका आणि चुलतभावाने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार एका स्त्रीने केली होती आणि तिला नकाबमध्येच साक्ष द्यायची होती. न्यायाधीशांत तीन मते झाली. बहुमताने सांगितले, की सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. तिची श्रद्धा प्रामाणिक आहे का, खटल्याच्या निष्पक्षतेला खरा धोका आहे का, मधला मार्ग आहे का, आणि तोही नसेल तर कशाने जास्त नुकसान होते, हे प्रत्येक खटल्यात तपासा. दोघांचे मत पडले की साक्ष देताना चेहरा उघडाच हवा. न्यायमूर्ती अबेला एकट्या म्हणाल्या, की तिला नकाब काढायला लावलेत तर अशा बायका तक्रार करायलाच येणार नाहीत. तीनही मतांत तथ्य आहे. म्हणून मी मधला मार्ग कुठे निघतो ते शोधते. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स क्राउन कोर्टात २०१३ मध्ये न्यायाधीश मर्फी यांनी एका आरोपी महिलेला बाकी खटलाभर नकाब ठेवू दिला. मात्र साक्ष देताना तो काढावा लागेल असे सांगितले, आणि प्रेक्षकांपासून तिला आडोसा देऊ केला. न्यायाधीश, ज्युरी आणि वकिलांना चेहरा दिसणार, बाकी कोणाला नाही.

आपल्याकडे हे करायला आता जागाही तयार आहे. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे लहान मुले, अत्याचार सोसलेल्या बायका अशांसाठी, देशभर स्वतंत्र साक्ष-केंद्रे उभारण्याचे आदेश दिले. पडदा, कॅमेरा, वेगळे प्रवेशद्वार अशी तिथली योजना आहे. नकाब घालणारी साक्षीदार तिथे बसून फक्त न्यायाधीश आणि वकिलांना चेहरा दाखवू शकते. हे कौटुंबिक न्यायालयातही सर्रास व्हावे, असे मला मनापासून वाटते.

वकिलांना मात्र ही सवलत नसावी. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयात २०२४ च्या अखेरीस एका महिला वकिलाने चेहरा झाकून युक्तिवाद करू देण्याचा आग्रह धरला. न्यायालयाने नियम तपासले आणि वकिलांच्या पोशाखाच्या नियमांत तशी परवानगी नाही असे स्पष्ट केले. कोण युक्तिवाद करते आहे आणि ती खरेच वकील आहे का, हे न्यायालयाला आणि पक्षकारालाही कळलेच पाहिजे. आम्ही काळा कोट स्वतःहून अंगावर चढवला आहे, त्याच्या अटीही स्वीकारल्या आहेत.

शाळा-कॉलेजांवरून आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ झाला, आणि त्याचे एक कारण शब्दांचा घोळ आहे. हिजाब केस आणि मान झाकतो, चेहरा नाही. नकाब चेहरा झाकतो. बुरखा म्हणजे अंगभर झगा, आणि बोलताना त्यात नकाबही धरला जातो. कर्नाटकातल्या उडुपीच्या कॉलेजात वर्गाबाहेर ठेवलेल्या मुलींचा प्रश्न हिजाबचा होता. ठरलेला गणवेशच घालावा हा कर्नाटक सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२ चा. उच्च न्यायालयाने १५ मार्चला वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मते झाली. उच्च न्यायालयाने बराच वेळ हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे का, या चर्चेत घालवला. मला ती वाटच चुकीची वाटते. न्यायाधीशांनी मौलवी व्हायचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या त्या दोघांपैकी न्यायमूर्ती धुलिया यांनी म्हटले की ही शेवटी त्या मुलीच्या निवडीची गोष्ट आहे आणि तिचे शिक्षण आपण अधिक अवघड करतो आहोत का, हे पाहायला हवे. मी त्यांच्या बाजूची आहे.

मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने २०२४ मध्ये बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बॅज सगळ्यांवर एकत्रच बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती स्थगिती दिली. टिळा आणि टिकली चालते का, असे कॉलेजला विचारले, आणि वर्गात बुरखा चालणार नाही हेही स्पष्ट केले. हा अंतरिम आदेश मला आजवरचा सर्वांत समंजस वाटतो. वर्गात शिकवताना समोरच्या मुलीला समजले की नाही हे शिक्षक तिच्या चेहऱ्यावर वाचतात, आणि परीक्षेत चेहरा हीच ओळख असते. केस झाकल्याने यातले काहीच अडत नाही. फक्त कॉलेजने गेटजवळ एक खोली द्यावी, जिथे मुलगी नकाब काढून ठेवील आणि घरी जाताना परत घालील. ज्या घरातून नकाबशिवाय बाहेर पडणे शक्य नाही, त्या घरातली मुलगी त्या खोलीमुळे बीएस्सी होते. माझ्या ऑफिसात शिकाऊ म्हणून आलेल्या एका मुलीने वकिलीचे पूर्ण शिक्षण अशाच एका खोलीच्या आधारावर घेतले. आज ती स्वतंत्र प्रॅक्टिस करते, आणि नकाब घालायचा की नाही हे आता तीच ठरवते.

आता रस्त्याकडे येते, म्हणजे फ्रान्सकडे. तिथला कायदा ११ ऑक्टोबर २०१० चा, लागू झाला ११ एप्रिल २०११ पासून. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ३३५ मते बाजूने आणि एक विरोधात पडले. कायद्यात धर्माचा किंवा बुरख्याचा उल्लेख नाही, सार्वजनिक जागी चेहरा झाकू नये एवढेच लिहिले आहे. आरोग्य, खेळ, सण-उत्सव, कला यांना अपवाद आहे. चेहरा झाकणाऱ्या व्यक्तीला १५० युरोपर्यंत दंड किंवा नागरिकत्वाचे प्रशिक्षण, आणि तिला तसे करायला भाग पाडणाऱ्याला एक वर्ष तुरुंगवास आणि ३०,००० युरो दंड. कायदा होण्याआधी फ्रान्सच्या गृहखात्याने चेहरा पूर्ण झाकणाऱ्या बायकांचा अंदाज काढला होता. तो होता सुमारे १,९००, साडेसहा कोटी लोकसंख्येच्या देशात.

कागदावर जबरदस्ती करणाऱ्याची शिक्षा कितीतरी मोठी दिसते. पण ती लागू व्हायला बायकोने नवऱ्याविरुद्ध किंवा मुलीने बापाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. दंड करायला मात्र पोलिसाला ती रस्त्यात दिसली की पुरे. म्हणजे जिच्यावर जबरदस्ती होते असे आपण म्हणतो, पावती तिच्याच हातात पडते. घरात जबरदस्ती करणाऱ्या माणसाला या कायद्याने एक सोपी वाटही मिळते: आता बाहेर पडूच नकोस. पडदानशीन स्त्रीचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे, असे मी वर म्हटले ते यासाठी.

कायदा लागू झाला त्याच दिवशी पाकिस्तानी वंशाची एक फ्रेंच तरुणी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. तिचे नाव उघड झाले नाही, खटला 'एस. ए. एस. विरुद्ध फ्रान्स' म्हणून ओळखला जातो. तिचे म्हणणे होते, की मी स्वतःच्या मर्जीने कधी नकाब घालते, कधी नाही. बँकेत, विमानतळावर तपासणीला चेहरा दाखवायला माझी ना नाही. १ जुलै २०१४ ला १५ विरुद्ध २ मतांनी ती हरली. पण निकाल वाचला तर फ्रान्सची दोन मोठी कारणे न्यायालयानेच बाजूला ठेवलेली दिसतात. सुरक्षेसाठी सरसकट बंदीची गरज नाही, संशय असेल तिथे चेहरा दाखवायला सांगणे पुरेसे आहे, असे म्हटले. आणि ज्या प्रथेचे समर्थन खुद्द स्त्रियाच करत आहेत, ती स्त्री-पुरुष समानतेच्या नावाने राज्याला बंद करता येणार नाही, असेही. उरले एकच कारण: समाजात एकत्र राहताना एकमेकांचे चेहरे दिसावेत ही फ्रान्सची अपेक्षा. ते मान्य झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये याच कायद्याखालच्या दोन तक्रारींत फ्रान्सविरुद्ध मत दिले. तरीही युरोपात अशा बंदी वाढतच गेल्या. ऑस्ट्रिया २०१७, डेन्मार्क २०१८, आणि स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्क्यांनी मंजूर झालेली बंदी जानेवारी २०२५ पासून.

एकत्र राहण्याचे ते कारण मी हलके लेखत नाही. समोरच्याचा चेहरा न दिसल्याने येणारे अवघडलेपण खरे असते, पहिल्या वर्षी मलाही पक्षकाराशी बोलताना यायचे. पण अवघडलेपणावर दंडाची पावती हा उपाय नव्हे. २०२० मध्ये मास्क आले आणि दोन वर्षे आपण सगळ्यांनी फक्त डोळे पाहून व्यवहार केले, कोर्टात युक्तिवादही केले. फ्रान्समध्ये तेव्हा बंद जागी मास्क सक्तीचा होता आणि नकाबवरची बंदीही चालूच होती.

इराणचे उदाहरण मला याहून जास्त सांगून जाते. जानेवारी १९३६ मध्ये तिथला राजा रझा शाह याने चादर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारे वस्त्र, घालण्यावर बंदी आणली. पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढून काढत. अनेक बायकांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशात नेमके उलटे फर्मान निघाले, आणि डोक्यावरचा रुमाल नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी सप्टेंबर २०२२ मध्ये कोठडीत असताना मरण पावली. १९३६ चा पोलीस आणि २०२२ चा पोलीस, दोघांचेही हात एकाच ठिकाणी होते, बाईच्या कपड्यावर.

सुरक्षेचा मुद्दा तुमच्या ठरावात आहे म्हणून त्याबद्दल थोडे. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ ला चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, आठवड्याभरात चेहरा झाकण्यावर बंदी आली. मुंबईत शिवसेनेच्या 'सामना'नेही अग्रलेखातून तशी मागणी केली, आणि मग पक्षाकडूनच ती अधिकृत भूमिका नसल्याचे सांगितले गेले. स्फोटांच्या चित्रीकरणात दिसले ते पाठीवर पिशव्या घेतलेले, उघड्या चेहऱ्याचे पुरुष. चेहरा झाकून गुन्हा होतच नाही असे मी म्हणणार नाही, बहिणीच्या जागी बसवलेली ती बाई मी विसरलेली नाही. पण त्यासाठी आपल्याकडे कायदा जुनाच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२२ काढून पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्हा करण्याच्या इराद्याने चेहरा झाकून किंवा वेष पालटून फिरणारा माणूस त्यात सापडतो. तिथे 'इराद्याने' या शब्दाला सगळे वजन आहे. तो शब्द काढून कायदा केला तर पुण्यात दुपारी बारा वाजता टिळक रस्त्यावरून स्कूटीवर जाणाऱ्या निम्म्या मुली दंडाला पात्र होतील. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, वर गॉगल. त्यांना आपण धुळीच्या आणि उन्हाच्या कारणाने सोडणार असू आणि शेजारून चालणाऱ्या नकाबवालीला थांबवणार असू, तर आपण चेहऱ्याबद्दल बोलतच नाही आहोत.

राहिली जबरदस्ती. ती आहे, मी रोज पाहते. 'बुरखा घाल नाहीतर माहेरी जा' म्हणणारा नवरा पाहिला आहे, आणि 'माझ्या साहेबांच्या पार्टीला हे घालून यायचं नाही' म्हणून बायकोला ढकलणाराही. दोघांवरही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करता येतो, मानसिक छळ त्यात मोडतो. पण अर्ज करायला बाईकडे राहायला जागा आणि हातात पैसे लागतात. म्हणून मी पोटगी, वारसाहक्क, शिक्षण यांसाठी भांडते. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला तो तोंडी तलाकविरुद्ध. आधी कशाला हात घालायचा याची त्यांना जाण होती. वर सांगितलेल्या पक्षकार बाई खटला जिंकल्यावरही नकाबमध्येच राहिल्या. त्यांच्या आईने मात्र आयुष्यभर पाचवारी साडी नेसली, डोक्यावर फक्त पदर. मुलगी आणि आई यांच्यामध्ये काय घडले हे मी एकदा त्यांना विचारले. "आई कधी गावाबाहेर एकटी गेली नाही," त्या म्हणाल्या, "मी रोज लोकलने जाते." त्यांच्यापुरता तो नकाब घराबाहेर पडण्याचा परवाना होता. मला हे आवडते असे नाही. पण रस्त्यावर बंदी आणून मी तो परवाना काढून घेतला तर त्यांना बदल्यात काय देणार, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

आता तुमचा ठराव. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे राज्यघटनेतला धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ थेट तिच्याविरुद्ध मांडणे अवघड आहे. पण एकाच धर्माला लक्ष्य करणारा ठराव सहकार न्यायालयात टिकवणे तुम्हालाही अवघड जाईल, आणि टिकला तरी शेजाऱ्यांची मने जातील. आज आलेल्या मसुद्यात 'बुरखाधारी महिला' असे शब्द आहेत, ते काढा. त्याऐवजी असे लिहा: 'सोसायटीत येणाऱ्या अनोळखी व्यक्तीचा चेहरा हेल्मेट, स्कार्फ, मास्क, नकाब किंवा अन्य कशानेही झाकलेला असल्यास नोंद करताना तिने तो एकदा दाखवावा. महिलांच्या बाबतीत त्यांनी मागितल्यास ही ओळख महिला कर्मचाऱ्याने किंवा महिला सभासदाने आडोशाला करून घ्यावी. ज्यांच्याकडे पाहुणे आले आहेत ते सभासद स्वतः गेटवर येऊन त्यांना घेऊन गेल्यास चेहरा दाखवण्याची गरज नाही.' इथे राहणाऱ्या सभासदांना हा नियम लावू नका, त्यांना वॉचमन ओळखतो. वॉचमनने कोणाचाही फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढू नये, हे वाक्य ठरावातच घाला. कुरियरवाल्या मुलांच्या हेल्मेटलाही पहिल्या दिवसापासून हाच नियम लावा, नाहीतर ठरावातले शब्द कितीही चांगले असले तरी तो कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळेलच.

आणि सभा पुन्हा बोलवाल तेव्हा ज्या दोन कुटुंबांकडे या पाहुण्या येतात त्यांना आधी बोलू द्या. तुम्ही पाठवलेल्या इतिवृत्तात सात जणांची मते आहेत, त्यांत या दोन घरांतले कोणीच नाही.